अर्ध्या फॉलचा शालू

आमच्या घरात पाच वर्षं "हिरवा शालू" हे दोन शब्द कुणी एकापाठोपाठ उच्चारायचे नाहीत, असा कायदाच होता. कायदा कुणी केला नव्हता, पण मोडायची छाती कुणाची नव्हती. मेथी हिरवी असलेली चालायची, बाबांचा स्वेटर हिरवा होता तोही चालायचा. पण लग्नाला जाऊन आलेल्या शेजारणीनं "नवरीचा शालू इतका सुरेख होता" असं सुरू केलं, की आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी घासायला काढायची. घासलेलीच भांडी. येरवड्यात, जेलच्या भिंतीपासून दोन गल्ल्या अलीकडे आमच्या दोन खोल्या होत्या, आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला आतल्या भांड्यांवरून आईच्या मनातलं सगळं कळायचं. बाबा कंपनीची बस चालवायचे. पहाटे साडेचारला उठून, नगर रोडवरची माणसं गोळा करत, अख्खं पुणं ओलांडून हिंजवडीला न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. "मी रोज चाळीस इंजिनियर झोपलेले नेतो आणि चाळीस झोपलेले आणतो," असं ते म्हणायचे. आई-बाबा दोघंही अकोल्याकडचे. आईनं पुण्याची भाषा चांगली उचलली होती, पण राग आला किंवा फार आनंद झाला, की तिची मूळची बोली बाहेर यायची. त्या पाच वर्षांत ती आली ती बहुतेक रागातच.

त्याआधी आईचा गाळा होता. चंदनबाग शॉपिंग सेंटर, तळमजला, जिन्याच्या उजव्या हाताला, गाळा नंबर सात. तिथे चंदनही नव्हतं आणि बागही नव्हती. दोन मजली, मधे चौक असलेली साधी इमारत. पण आमच्या भागातल्या बायकांना लक्ष्मी रोडला जायचा कंटाळा आला की सगळं तिथेच मिळायचं: बांगड्या, भांडी, शाळेचे बूट, फरसाण, आणि आईकडे फॉल, पिको, ब्लाउज. पाटीवर माझं नाव, "अश्विनी फॉल-पिको". शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे साठेकाका. शब्द मोजून बोलायचे, आणि बोलले की समोरच्याला लागलंच पाहिजे याची काळजी घ्यायचे. मी शाळेतून थेट गाळ्यावर जायचे. पिको मशीनचा तो घर्रर्र आवाज, इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास, आईच्या तोंडात धरलेल्या टाचण्या, आणि त्या टाचण्यांमधून ती गिऱ्हाइकाशी करायची ते भांडण. माझं लहानपण म्हटलं की मला अजून तेच ऐकू येतं.

आईची एक पद्धत होती. ती गिऱ्हाइकाचं नुसतं नाव कधी लिहायची नाही. ती म्हणायची, "आपल्याकडे सहा सुनीता आहेत. नाव लिहून काय करू?" प्रत्येक साडीला, प्रत्येक ब्लाउजपिसाला ती एक चिठ्ठी टाचायची, आणि त्या चिठ्ठीवर त्या बाईची खूण लिहायची. लिहिलेली बाजू आत घडी करून टाचायची, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचायची नाही. कपडा द्यायची वेळ आली की आधी चिठ्ठी काढायची, चोळामोळा करून स्वतःच्या ब्लाउजमध्ये खोचायची आणि मग हसून कपडा पुढे करायची. वर्षानुवर्षं मी ते पाहिलं होतं, पण त्या चिठ्ठ्या कधी वाचल्या नव्हत्या. ते तिचं खातं होतं, आणि त्यात नाक खुपसलं तर टाचणी बसायची.

मी चौदा वर्षांची असताना आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि मी लेझीमच्या पथकात सगळ्यात पुढे होते. त्याच आठवड्यात शेलारांच्या कविताचा लग्नाचा शालू आईकडे फॉलला आला होता. शेलार म्हणजे इथले मूळचे, त्यांच्या शेतांवरच आता सोसायट्या उभ्या आहेत. बनारसी, गर्द हिरवा, पदरावर मोर. कविताच्या आईनं, शेलारकाकूंनी, तो स्वतः आणून दिला आणि वर दम दिला, "मशीन लावायची न्हाय हां याला. हातानं." असल्या कापडाला आई मशीन लावतच नसे. दोन दिवस ती त्या शालूवर बसली होती. टाके इतके बारीक, की बोट फिरवलं तरी लागू नयेत. संमेलनाच्या दिवशी दुपारी मी तयार होऊन गाळ्यावर गेले तर फॉल बरोबर अर्धा झाला होता. मी रडवेला चेहरा केला. तू उशिरा येशील, मी पहिलीच आहे, सगळ्यांच्या आया येणार आहेत. आईनं माझ्याकडे पाहिलं, सुई तशीच कापडात टोचली, शालू घडी करून लोखंडी कपाटात ठेवला आणि म्हणाली, "चल बाप्पा, उरलेला आल्यावर." लेझीम सुरेख झालं. येताना तिनं मला कुल्फी घेऊन दिली, स्वतःही घेतली, आणि आम्ही दोघी चाटत चाटत, माझ्या एका मैत्रिणीची लेझीम कशी हातातून उडाली ते आठवून हसत आलो.

सेंटरसमोर माणसं जमली होती. दुपारी मागच्या जिन्याचा स्लॅब खाली आला होता. कुणाला काही लागलं नव्हतं, एक मांजर तेवढं घाबरलं होतं. पण साहेब लोक आले, इमारत धोकादायक म्हणाले, गाळेवाल्यांना दोन तास दिले आणि मग एकेका शटरला सील लावून मोकळे झाले. आमच्या शटरवरही लाखेचा लाल गोळा होता. साठेकाका फुटपाथवर त्यांची घड्याळं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी आईचं बाहेर राहिलेलं स्टूल तेवढं वाचवलं होतं. "वहिनी, मी म्हटलं, यांचं कुलूप तोडा, बायकांच्या साड्या आहेत आत. तर म्हणाले, तुम्ही कोण? मी म्हटलं, शेजारी. म्हणाले, मग शेजारीच राहा." आईच्या हातातली कुल्फी वितळून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली, तरी तिला कळलं नाही.

पुढचे आठ दिवस ती या कचेरीतून त्या कचेरीत फिरली. एक कपाट उघडू द्या, एक साडी काढू द्या, मुलीचं लग्न आहे हो. सगळीकडे एकच उत्तर, अर्ज करा. कविताचं लग्न चुलतबहिणीच्या शालूत झालं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शेलारकाकू आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "कामावर बसायचं सोडून कुठं गेलीवतीस गं तू? तुलाबी लेक हाय. तिच्या लग्नात कळंल तुला." आईनं मान खाली घातली. "माझ्या लेकीचं लेझीम होतं" असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. ते मला फार लागलं. तिनं मला एकदा चांगलं बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी लेझीम सोडलं, आणि का सोडलं असं तिनंही विचारलं नाही.

बिल्डर आणि जागामालक कोर्टात गेले, दुरुस्ती कुणी करायची म्हणून. ते भांडत राहिले आणि सेंटर बंद राहिलं. आई घरी एक जुनं मशीन घेऊन हॉस्टेलवाल्यांच्या उशांचे अभ्रे शिवायला लागली. पांढरे, चौकोनी, शेकड्यांनी. कुणाची साडी घरात घ्यायची नाही. कुणी पदर पुढे करून "एवढा फॉल..." म्हणालं तरी ती हात मागे घ्यायची. बाजारात जाताना शेलारांची गल्ली टाळून लांबच्या वळणानं जायची. मात्र गाळ्याची किल्ली दारामागे कॅलेंडरच्या खिळ्याला होती, आणि दर दसऱ्याला बाबांच्या बसच्या चावीशेजारी ती किल्लीही पाटावर यायची, तिलाही हळदकुंकू लागायचं. लावायची आईच. मी बघतेय असं दिसलं की म्हणायची, "लोखंड आहे, गंजू नये म्हणून."

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा साठेकाका एका संध्याकाळी आले, न बोलावता बसले आणि म्हणाले, "त्या दोघांचं कोर्टात जमलं. जिना नवा बांधलाय. इमारतीला रंग दिलाय. गुलाबी. पाच वर्षं विचार करून माणसांनी गुलाबी काढला. येत्या रविवारी उघडतंय." बाबांनी खुर्चीचा हातच दाबून धरला. मी ओरडले. आतून भांड्यांचा आवाज सुरू झाला. मग आई हात पुसत बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊजी, आमचा गाळा तुम्ही घ्या. तुमची घड्याळं नीट मांडता येतील. अश्विनी शटर उघडेल, ज्याचं त्याला देऊन टाकेल आणि किल्ली तुमच्या हातात देईल. मला त्या जागेवर परत बसायचं नाही." साठेकाकांनी तिच्याकडे पाहिलं. "माझी घड्याळं अडीच फुटांत मावतात," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

त्या आठवड्यात मी आईशी किती डोकं लावलं! रुसून झालं, लाडात येऊन झालं, शेवटी भांडले. ती एकच म्हणायची, "ज्या बाईला लग्नाच्या दिवशी तिचा शालू देता आला नाही, तिला आता काय तोंड दाखवू?" म्हणजे सगळं त्या एका शालूवर अडलं होतं. तो आत कसा असेल, आहे की उंदरांनी खाल्ला, हेही आम्हाला माहीत नव्हतं. शनिवारी मी सेंटरच्या गेटवर खडूनं फळा लिहिला: "अश्विनी फॉल-पिको. पाच वर्षांपूर्वी टाकलेले कपडे उद्या घेऊन जावेत. पावती नसली तरी चालेल." संध्याकाळी पाहिलं तर खाली दुसऱ्या अक्षरात भर पडली होती: "ब्लाउज आता बसेलच अशी हमी नाही." साठेकाकांना विचारलं तर म्हणाले, "लोकांना आधी सांगितलेलं बरं असतं."

रविवारी सकाळी आई गोळाभाताची तयारी करत बसली. आमच्याकडे काही शुभ असलं की गोळाभात होतो. भरड वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे गोळे भातात शिजवायचे आणि खाताना वरून कढवलेलं लसणीचं तेल ओतायचं. ती सेंटरला येणार नव्हती, पण पातेलं चांगलं वीस माणसांचं काढलं होतं.  बाबांनी रजा घेतली होती. आम्ही दोघं किल्ली घेऊन निघालो. सेंटरला झेंडूच्या माळा, दारात रांगोळी, एक बँडवाला, आणि फीत कापायला येणारे पाहुणे अर्थातच आलेले नव्हते. दीड तास वाट पाहून फरसाणवाल्याच्या म्हाताऱ्या आईनं कात्री उचलली आणि फीत कापून टाकली. "गरम जिलबी थंड होते," एवढंच म्हणाली. एकदम टाळ्या पडल्या आणि बँड सुरू झाला. सगळी शटरं एकामागोमाग वर जायला लागली, तो खडखडाट मला अजून आठवतो. कुणी गाळ्याला नमस्कार करत होतं, कुणी शिंकत होतं. बांगडीवाली रडत होती आणि रडता रडता धूळ झटकत होती. साठेकाकांनी भिंतीवर राहून गेलेल्या एका घड्याळाला किल्ली दिली, कानाला लावलं आणि म्हणाले, "याला काही झालेलं नाही. नुसतं आळशी झालं होतं."

आमचं शटर अर्ध्यावर अडलं. बाबांनी खांदा लावला तेव्हा वर गेलं. मशीनवर बोटभर धूळ, कोपऱ्यात उंदरांनी केलेला अस्तराच्या कापडाचा चिवडा. पण लोखंडी कपाट बंद होतं. ते मी उघडलं. आत लवंगांचा वास. आई प्रत्येक साडी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची आणि आत चार लवंगा टाकायची. सगळ्यात वरचं गाठोडं मी सोडलं. हिरवा शालू जसाच्या तसा होता. मोर तसाच. फॉल अर्धा, आणि जिथे तो थांबला होता तिथे सुई उभी, गंजलेली, तिच्यातून वीतभर हिरवा दोरा लोंबत होता. सुईखाली डाळीएवढा गंजाचा डाग पडला होता, आतल्या बाजूला. मला लेझीमचा आवाज ऐकू आला, शपथ. मी तो शालू तसाच परत बांधून ठेवला आणि डोळे पुसले. बाहेर बायका जमल्या होत्या.

बाई स्वतःची साडी विसरत नाही हे मी त्या दिवशी शिकले. "ती जांभळी, दोन नंबरची, तीच!" "अगं, माझी मोतिया!" बोट दाखवायच्या आणि मी द्यायचे. चिठ्ठ्या काढायला हव्या होत्या. आठवलं नाही असं नाही, पण टाचण्या गंजून कापडाला चिकटल्या होत्या, ओढल्या तर साडी फाटायची. म्हटलं, जाऊ दे, घरी जाऊन सावकाश काढतील. आणि सगळं तसंच देत सुटले. नऊ-दहा गाठोडी गेली असतील. मग चौकात एक किंकाळी झाली. काळेबाई, पोस्टातल्या, अंगानं भरलेल्या, हातात चिठ्ठी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती मोठ्यानं वाचली: "म्हणते चौतीस. घ्यावे अडतीस."

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग प्रत्येकीनं आपापली घडी उलगडली. "उद्याच पाहिजे म्हणते, महिन्यानं येते." "कापड पाऊण मीटर आणून कोपरापर्यंत बाह्या मागते." "पाठीला गळा मोठा. सासू विचारायला आली तर लहान सांगणे." ही ज्या सुनेची होती, तिची सासू शेजारीच उभी होती. दोन जावा बरोबर आल्या होत्या. एकीची चिठ्ठी होती, "दोघींपैकी हसणारी." दुसरीनं आपली उघडली, वाचली आणि घट्ट मुठीत धरली. पहिलीनं मूठ सोडवली: "दोघींपैकी दुसरी." मला वाटलं, आता मेले मी! पाच वर्षांनी उघडलेलं दुकान पाच मिनिटांत बंद पडणार. काळेबाई लाल झाल्या होत्या. त्यांनी हातातला ब्लाउज उलगडला, अंगाला लावून पाहिला, आणि तो काही केल्या पुढे भेटेना. "अडतीससुद्धा कमी पडलं की गं हिला आता!" असं त्या स्वतःबद्दलच म्हणाल्या आणि गदगदून हसायला लागल्या. मग काय विचारता! चौकभर हसू पसरलं. दुसरी जाऊसुद्धा हसली. ती हसते हे त्या दिवशी कळलं, असं तिची जाऊ नंतर कितीतरी वर्षं सांगायची. ज्यांचे कपडे उंदरांनी खाल्ले होते त्यासुद्धा आत घुसून विचारायला लागल्या, कपडा राहू दे, माझी चिठ्ठी कुठंय? साठेकाका म्हणाले, "लेखिकेला बोलवा."

आणि त्या खरंच निघाल्या. पंधरा-वीस बायका, हातात साड्या, पुढे काळेबाई, मागे बँडवाला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन गल्ल्या पार करून वरात आमच्या दारात. आई झारा हातात घेऊन बाहेर आली. काळेबाईंनी तिच्यासमोर चिठ्ठी धरली. आईचा चेहरा पांढराफटक. मग माझ्याकडे पाहून ती ओरडली, "काहून वं, चिठ्ठ्या नाही काढल्या तू?" आणि तिच्या तोंडून वऱ्हाडी निघालं तरी पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यावर कुणी घाबरलं नाही, कारण बायकांनी तिला दोन्ही दंडांना धरून उचललंच होतं. "चल, माप घे नव्यानं," काळेबाई म्हणाल्या. "आणि खरं लिही." आई नाही नाही म्हणत झाऱ्यासकट सेंटरपर्यंत आली. बाबा मागून गोळाभाताचं पातेलं घेऊन आले.

गाळ्यासमोर शेलारकाकू उभ्या होत्या.

सोबत कविता होती, अंगावर पंजाबी ड्रेस, कडेवर चार वर्षांची मुलगी. आई जागच्या जागी थांबली, आणि बाकीच्यांचं हसूही थांबलं, कारण ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. काकू माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "फळा लिवलाय नव्हं? दे आमचं." मी गाठोडं आणलं. शालूच्या काठाला चिठ्ठी तशीच होती, आत घडी घातलेली.  काकूंनी त्या वेळी आईला केवढा दम दिला होता, आणि आई दम देणाऱ्यांबद्दल काय काय लिहिते ते आता मला माहीत झालं होतं. मी बोटांनी चिठ्ठी फाडायला गेले तर काकूंनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. सगळ्यांच्या वाचल्या म्हनं. आमची बी वाच. मला चष्म्याबिगर दिसत न्हाय." मी आईकडे पाहिलं. ती डोळे मिटून उभी होती. काय लिहिलं होतं ते तिला आठवतच असणार. मी घडी उलगडली. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. मी वाचलं:

"शेलारांची कविता. आपल्या अश्विनीला लावीन तसा."

 काकूंनी माझं मनगट सोडलं नव्हतं, उलट जरा घट्टच धरलं. मग त्या आईकडे वळल्या. "आन् मी काय बोलून गेले गं तुझ्या दारात," असं म्हणाल्या आणि पदराचा बोळा तोंडाला लावला. आई म्हणाली, "त्या दिवशी हिचं लेझीम होतं. म्हणून अर्धा राहिला." पाच वर्षं गिळलेलं वाक्य, असं सहज आलं. काकू म्हणाल्या, "मंग तवाच सांगायचं का न्हाय, येडे? मी न्हाय व्हय गेले कविताच्या गॅदरिंगला? तिकडं भाकऱ्या करपल्या म्हणून सासूचा मार खाल्ला मी." कविता इतका वेळ शालू उलगडून बघत होती. तिनं मुलीला खाली सोडलं, साठेकाकांनी जपून ठेवलेलं ते स्टूल पायानं पुढे ओढलं आणि आईला म्हणाली, "काकू, अर्धाच झालाय. बसा की. आम्ही थांबतो."

आई बसली. मी नवी सुई दिली. ओवायला तिला चार प्रयत्न लागले, चष्मा घरी राहिला होता. मग एकदाचा दोरा गेला आणि तिनं पहिला टाका घातला, दुसरा घातला, आणि तिचे खांदे खाली आले. मी तिचे असे सैल खांदे कितीतरी दिवसांनी पाहत होते. तासभर लागला. तेवढ्या वेळात बायकांनी चौकात बसकण मारली. बाबांनी फरसाणवाल्याकडच्या कागदी प्लेटांत गोळाभात वाढला, वरून तेल, बाजूला जिलबी. कविताच्या मुलीनं तीन गोळे खाल्ले आणि चौथा साठेकाकांच्या खिशात ठेवला. गंजाचा डाग आईनं फॉलच्या आत बरोबर झाकून घेतला, पण आधी तो कविताला दाखवला, लपवला नाही. दोरा दातानं तोडून ती उठली. कवितानं तिथेच, ड्रेसवरच, तो शालू नेसला. आई निऱ्या धरायला खाली वाकली. काकूंनी काठ उचलून, टाक्यांवरून बोट फिरवून, दोन्ही अर्ध्या भागांचा जोड शोधायचा प्रयत्न केला. सापडला नाही. "पाच वर्सं लागली," त्या म्हणाल्या, "पर बरा लावलायस." बँडवाल्यानं पुन्हा वाजवायला घेतलं, आणि मी रिकाम्या हातांनीच लेझीमच्या पहिल्या चालीचे चार ठेके घेतले. आई बघत होती. टाचण्या तोंडात होत्या तरी हसली.

किल्ली साठेकाकांनी घेतली नाही. सोमवारपासून आई गाळ्यावर. चिठ्ठ्या चालू राहिल्या, फक्त आता बायका जाताना "काय लिहिलंस?" म्हणून हक्कानं विचारायच्या आणि ती दाखवायची नाही. आज सेंटरच्या समोर मोठा मॉल आहे. माझी लेक माझ्या लेझीमच्या वयाची झालीय, आणि ती फोनवरून माझ्यासाठी साडी मागवते तेव्हा फॉल लावूनच येतो, मशीनचा, गोंद लावल्यासारखा. मी तो उसवते आणि गुलाबी सेंटरमधल्या सात नंबरला जाते. आईचे डोळे आता काम देत नाहीत. तिनं शिकवलेल्या दोन मुली बसतात, आणि ती स्टुलावर बसून त्यांना चुका दाखवते. बोट फिरवून तिला कळतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा शालू घ्यायला शेलारकाकू बरोबर आल्या होत्या. हिरवाच घ्यायचा म्हणून त्यांनी दुकानदाराशी भांडण केलं. लग्नाच्या आधी चांगले पंधरा दिवस आईनं तो फडक्यात बांधून, लवंगा घालून माझ्या हातात दिला. "बघून घे, काही राहिलं असेल तर सांग," म्हणाली आणि भांडी घासायला आत गेली. मी गाठ सोडली. काठाला चिठ्ठी होती, लिहिलेली बाजू आत घालून टाचलेली. तिनं ती काढली नव्हती. आई कधी चिठ्ठी काढायला विसरत नसे. मी घडी उलगडली.

"शेलारांच्या कविताला लावला तसा. पण वेळेवर."